पंखा काढल्यानंतर

१

कॉम्प्युटर आवाज करतोय म्हणून कुणाचा फोन आला, की मी पहिला प्रश्न विचारते, "घरघर, टकटक की शिट्टी?" माणसं बिचारी गडबडतात. घरघर असली तर पंखा, धुळीनं माखलेला नाहीतर आतून झिजलेला. टकटक असली तर हार्ड डिस्क, म्हणजे तुमचे सगळे फोटो आणि कामं ज्यात साठतात ती, आणि मग मी गोड बोलून सांगते की बाबांनो, आहे ते आजच दुसरीकडे उतरवून घ्या. शिट्टी असली तर वीज पुरवणारा डबा. आणि काही वेळा भलतंच काहीतरी. एका वकिलीणबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये मला मुंग्यांचं अख्खं गाव सापडलं होतं. बाई म्हणाल्या, "तरीच सारखं सळसळायचं. मला वाटलं, अशील बाहेर कुजबुजतायत."

माझी पद्धत साधी आहे. कॅबिनेटची एक बाजू उघडायची, कॉम्प्युटर चालू ठेवायचा आणि प्रत्येक पंख्याच्या मधोमध अलगद बोट टेकवून तो थांबवायचा. आवाज थांबला, तर चोर सापडला. नाही थांबला, तर पुढचा भाग. असं एकेक बाद करत जायचं, एकेक काढून बाजूला ठेवायचं. या धंद्यात एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळा आव असतो. मीही आणते, कधीकधी.

ताईचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुणाचातरी कीबोर्ड उलटा करून त्यातले बिस्किटांचे तुकडे पाडत होते. मी "हॅलो" म्हणायच्या आत ती म्हणाली, "बारके, घरघर."

माझं वय झालंय पंचेचाळीसच्या पुढे, आणि अंगानं मी दारातून तिरकी होऊन जाते. पण ताईसाठी मी बारकीच.

"पंखा असेल. रविवारी येते," मी म्हणाले.

"रविवारी नाही, आज ये," ती म्हणाली. "कॉम्प्युटर बंद केला तरी घरघरतोय. आणि मला वेड लागलेलं नाही. हे आधी ऐकून घे, मग ये."

२

ताई पुस्तकं वाचते. म्हणजे आपण वाचतो तशी नाही, मोठ्यानं, अंध मुलांच्या शाळेसाठी. ती वाचते, कॉम्प्युटर ते साठवून ठेवतो आणि मुलं ते ऐकून अभ्यास करतात. तिचा गळाच तसा आहे. आई गेली तेव्हा मी लहान होते, आणि ताई मला रोज काहीतरी वाचून दाखवून झोपवायची. औषधाच्या बाटलीवरची सूचना जरी तिनं वाचली, तरी मला झोप यायची. त्या शाळेतली मुलं तिला कधी भेटलेली नाहीत, पण एखादं पुस्तक तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी वाचलेलं आलं की भांडतात म्हणे.

घराच्या मागच्या बाजूला पूर्वी अडगळीची एक खोली होती. ताईनं ती रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, खिडकी बुजवली, दाराला आतून जाड ब्लँकेट टांगलं. टेबल, खुर्ची, माईक, आणि टेबलाखाली कॉम्प्युटर. त्या खोलीत शिरलं की कानांवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटतं. मला ती कधीच आवडली नाही. ताईचा मात्र जीव होता तिच्यावर.

मी पोहोचले तेव्हा भावोजी हॉलमध्ये वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. ताईचा हा नवरा माणूस वाईट नाही, पण बायकोशी बोलताना त्यानं मान वर केलेली मी तरी पाहिलेली नाही. इकडून हाक मारायची, तिकडून उत्तर ऐकायचं, संपला संसार.

"या मेहुणीबाई," ते पानाआडून म्हणाले. "तुमच्या ताईला आता बंद कॉम्प्युटरमधूनही आवाज यायला लागलेत. मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे जा. नाहीतर डोक्याच्या."

"तुम्हाला काही ऐकू येत नाही?"

"मला?" ते हसले. "अहो, मला तीच ऐकू येते, तेवढं पुरे आहे."

ताई आतल्या दारात उभी होती. तिनं हे ऐकलं होतं. तिचा चेहरा मला बघवला नाही. मागच्या खेपेची सगळी वाचनं शाळेनं परत पाठवली होती, मागून सतत घरघर येते म्हणून. मुलांची परीक्षा तोंडावर आली होती, विज्ञानाचं पुस्तक अर्धं राहिलं होतं, आणि घरातलं माणूस तिला वेड्यात काढत होतं. "तू तरी ऐक," खोलीत गेल्यावर ती एवढंच म्हणाली.

३

मी कॉम्प्युटर चालू केला. घरघर होती. चांगली ठसठशीत, झिजलेल्या पंख्याची असते तशी, मध्येच किंचित अडखळणारी. मला हायसं वाटलं. कॅबिनेटची बाजू उघडली, खाली बसले आणि आतल्या पंख्यावर बोट टेकवलं.

पंखा थांबला. घरघर चालूच राहिली.

बरं, म्हटलं, दुसरा असेल. मागचा पंखा थांबवला. वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या पंख्यावर जाळी असते, तो थांबवता येत नाही, म्हणून तोच तो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं की ही घरघर मध्येच अडखळतेय, आणि तसं अडखळणारं पातं त्या पहिल्या पंख्याचंच आहे. त्याचं एक पातं कडेला तुटलं होतं. मी बोट काढलं. पंखा फिरू लागला, तुटकं पातं वर आलं की आवाज अडखळत होता, अगदी बरोबर. परत बोट टेकवलं. पातं माझ्या बोटाखाली स्थिर होतं आणि आवाज अडखळतच होता.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि पंखा सरळ काढून टेबलावर ठेवला. मग मुख्य वायर भिंतीतून उपटली.

"बघ," ताई हळूच म्हणाली.

घरघर टेबलाखालून येत होती. मी हार्ड डिस्क काढली. ती काढताना, डिस्क चालू होण्याआधी होते ती ओळखीची बारीक टिकटिक झाली. माझ्या हातात नव्हे, टेबलाखाली. डिस्क माझ्या हातात थंडगार पडलेली, आणि जिथून ती काढली त्या रिकाम्या कप्प्यात टिकटिक.

मला सुचेल ते मी बोलत सुटले. शेजारच्या घरातला आवाज भिंतीतून येत असेल, पाण्याचा पंप असेल, जमीन थरथरत असेल. माझं मलाच पटत नव्हतं. ताई माझं काही ऐकतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तुला ऐकू येतंय," ती म्हणाली. "बारके, तुला येतंय ना ऐकू?"

"येतंय गं बाई, बहिरी आहे का मी!"

ताई खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. आनंदानं. कुणीतरी तिचं खरं मानलं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझी नजर काही केल्या टेबलाखाली वळेना.

४

पंखा आणि डिस्क मी दुकानात नेली. म्हटलं, उजेडात, माणसांत बसून नीट बघू. दुपारची वेळ होती, रस्त्यावर गाड्यांचा गोंधळ, शेजारच्या फ्रेमवाल्याची करवत चालू. असल्या वेळी कुणाला भीती वाटते?

मी पंखा वेगळ्या तारा लावून फिरवला. फिरला की. तुटक्या पात्यासकट गरगर फिरला. पण आवाज नाही. मी कान जवळ नेला, गालाला वारा लागला, कानाला काही नाही. कागदाची पट्टी पात्यांना लावली. पट्टी फडफडताना दिसत होती आणि तरी काही नाही.

माझा कान दडला असेल म्हणून मी करंगळी घालून कान हलवला. त्या गडबडीत पंखा हातातून सुटला. खाली फरशी. मी अंग आकसून आवाजाची वाट बघितली, जशी आपण भांडं पडल्यावर बघतो. पंखा फरशीवर आपटला, उडाला, कोपऱ्यात जाऊन पडला. शेजारची करवत मला नीट ऐकू येत होती.

मी फ्रेमवाल्याला हाक मारली. पंखा त्याच्या हातात दिला. "जरा टेबलावर आपट बघू."

त्यानं आपटला. मग परत आपटला, जोरात. मग उलटसुलट करून बघितला. "रबराचा आहे काय हा?"

"प्लास्टिकचा आहे."

"मग वाजत का नाही?"

"तेच तर बघतेय," मी म्हणाले. त्यानं पंखा माझ्याकडे न देता काउंटरवर ठेवला आणि हात पँटला पुसले. तो चांगला गप्पिष्ट माणूस आहे, पण त्या दिवशी तो सरळ आपल्या करवतीकडे परतला.

रात्रभर मी स्वतःची समजूत घातली. प्लास्टिकला काहीतरी झालं असेल. काहीतरी म्हणजे काय, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. एक विचार सारखा डोकं वर काढत होता, आणि मी त्याला दाबत होते. तो असा, की त्या खोलीत बिघडलेलं काही नाहीच. तिथे काहीतरी आहे, ते एकेका वस्तूचा आवाज घेतं, आणि मग तो परत देत नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. जिद्द म्हणा, खोड म्हणा. शिवाय ताईला शब्द दिला होता.

आता मी सगळंच काढलं. वीजपुरवठा, मदरबोर्ड, तारा, शेवटचा स्क्रू. नुसता पत्र्याचा डबा राहिला. मग तो डबाही उचलून बाहेरच्या बोळकांड्यात नेला. तिथे त्याच्यावर बुक्की मारली. हात दुखला, पत्र्याचा ठणाका झाला नाही. आत आले तर टेबलाखाली घरघर, टिकटिक, आणि त्यांच्या मागोमाग पत्र्यावर बुक्की बसल्याचा ठणाका.

इथे शहाण्या माणसानं दार लावून घरी जायचं. पण वीस-पंचवीस वर्षांची सवय हातापायांत मुरलेली असते. डोकं थांबलं तरी ती थांबत नाही. कॉम्प्युटर बाद झाला, मग खोलीत आणखी काय आहे? मी टेबल बाहेर काढलं. माईक बाहेर ठेवला. खुर्ची नेली. ताई गादीला पाठ लावून उभी होती, मला मदत करत होती, आणि मध्येच तिला खोकल्याची ढास लागली. धूळ उडाली होती बरीच.

एकेक बाद करायचं. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. "ताई," मी म्हणाले, "तू जरा बाहेर हो. खोली पूर्ण रिकामी करून ऐकते. मी दारात उभी राहीन."

"हो ना," ती म्हणाली. "आम्हीही तसंच करतो, रिकामी खोली ऐकून बघतो वाचनाच्या आधी. तू बघ, मी तोवर चहा टाकते."

ती माझ्या शेजारून गेली. जाताना माझ्या गालाला हात लावला.

मी दारात उभी राहून कान दिला. खोलीत चार भिंती, गाद्या, आणि काही नाही. घरघर मंदावली. टिकटिक थांबली. मला वाटलं, संपलं. अगदी खरं सांगते, मला आनंद झाला.

मग रिकाम्या खोलीत, बरोबर तिथे जिथे ताई उभी होती, कुणीतरी खोकलं. घसा साफ केला. आणि म्हणालं, "तू बघ, मी तोवर चहा टाकते."

६

मी मागे वळले. ताई बोळकांड्यात उभी होती, स्वयंपाकघराच्या वाटेवर. तिनं ते ऐकलं होतं. तिचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं, ती पुटपुटतेय. मग तिचं तोंड उघडत गेलं, मोठं, आणखी मोठं, गळ्याच्या शिरा ताठल्या. ती ओरडत होती. मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि ताईचं काही नाही.

तिनं टाळी वाजवली. पाय आपटला. स्वयंपाकघरात धावत गेली. मी मागून गेले तर ओट्यावर डोकं टेकून उभी. धावताना तिच्या चपलांचाही आवाज झाला नव्हता. मी तिला जवळ घेतलं, तिच्या छातीला कान लावला. छाती वरखाली होत होती, अंग चांगलं गरम होतं, आणि आत मला काहीच ऐकू आलं नाही. काहीच.

तेवढ्यात हॉलमधून भावोजी म्हणाले, "अगं, चहा झाला का?"

"टाकलाय हो," मागच्या खोलीतून उत्तर गेलं. गोड, नेहमीचं. "आलं संपलंय, चालेल ना?"

"चालेल की. आणि ती बारकी कुठेय?"

"इथेच असेल. तिचं चाललंय कायतरी ठाकठोक."

भावोजी हसले. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचं ऐकू आलं. ताई माझ्या मिठीत उभी होती आणि तिचा संसार बाहेर सुरळीत चालू होता.

मी तिला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आरसा घालून बघितलं, म्हणाल्या, सगळं ठाकठीक आहे, मनावर ताण आलाय का? मग त्यांनी ताईच्या छातीला नळी लावली. नळी काढून तपासली, दुसरी आणवली, ती लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज दोन्ही बिघडल्यात वाटतं." आणि नाडी तेवढी बोटांनी बघितली.

७

मग आम्ही उलटं करून बघितलं. जे जिथून काढलं ते तिथे परत ठेवायचं. टेबल, खुर्ची, कॅबिनेट, सगळे भाग, दुकानात नेलेली डिस्क आणि तुटक्या पात्याचा पंखासुद्धा. आणि ताईला खुर्चीत बसवलं.

ती घाबरत म्हणाली, "बारके."

ऐकू आलं! मी किंचाळलेच आनंदानं. ताई हसली, हसणं ऐकू आलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, रडणं ऐकू आलं. खोलीत बसली की ती बोलत होती. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की गप्प. म्हटलं, हेही नसे थोडके. खोलीतच बसशील दिवसभर, नाहीतरी बसतेसच की. ताईनं पुस्तक उघडलं आणि राहिलेला भाग वाचायला घेतला. शाळेला पाठवलेल्या त्या वाचनात घरघर नव्हती. शाळेनं कळवलं, इतकं सुरेख वाचन आजवर आलं नव्हतं.

मी रोज दुकान बंद करून तिच्याकडे जायला लागले. जमिनीवर बसायचं आणि तिचं वाचन ऐकायचं. एका संध्याकाळी ती परागकणांवरचा धडा वाचत होती. मी तिच्या तोंडाकडे सहज बघत होते. आधी वाटलं, माझेच डोळे थकलेत. शब्द ऐकू यायचा, मग तिचे ओठ हलायचे. अगदी किंचित मागून. ताईच्या कपाळावर घाम होता. ती पुस्तकाकडे बघत नव्हती. ती ऐकत होती, आणि ऐकलेलं ओठांनी गाठायची धडपड करत होती.

मी तिचा हात धरला. तिनं ओठ मिटले. वाचन चालूच राहिलं. स्वल्पविरामाला थांबत, कठीण शब्द सावकाश फोडून सांगत, ताई सांगते तसंच.

घरी पोहोचले तर फोनवर तिचा निरोप आला होता, लिहिलेला. "आज सकाळपासून मी काहीच वाचलेलं नाही. तरी पुस्तक संपत आलंय. मला इथून ने."

८

मी सकाळीच गेले. ताई तयारच होती. एका पिशवीत चार कपडे, चष्मा, आईचा फोटो. बोळकांड्यात उभी होती, चपला घालून. तिनं 'ने' म्हटल्यावर नेणारच होते मी. मुकी तर मुकी, माझी ताई आहे. आमचं आम्ही बघू. मी बडबडी आहे, दोघींपुरतं बोलेन.

मागच्या खोलीतून वाचन ऐकू येत होतं. आम्ही हॉलकडे निघालो तसं ते थांबलं.

भावोजी नेहमीच्या जागी होते. मी म्हणाले, "भावोजी, ताईला मी माझ्याकडे घेऊन चाललेय. काही दिवस."

"न्या की," ते पानाआडून म्हणाले. मग आत मान वळवून, "काय गं, जातेस का बारकीकडे?"

"मी कशाला जाऊ?" मागच्या खोलीतून उत्तर आलं. "पुस्तक संपत आलेलं असताना? तिलाच जाऊ दे. आली तशी एकटीच निघालीय ती. दार लावून घ्या तेवढं."

"ऐकलंत?" भावोजी म्हणाले.

"भावोजी, पेपर खाली ठेवा," मी म्हणाले. "तुमची बायको तुमच्यासमोर उभी आहे. बघा तिच्याकडे."

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. ताई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. ती वाकली, तिनं त्यांचे खांदे धरले, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि अंगातलं सगळं बळ लावून काहीतरी म्हणाली. बहुतेक त्यांचं नाव. संसारात तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. भावोजींच्या सदऱ्याला तिच्या बोटांनी चुण्या पडलेल्या मला दिसत होत्या. त्यांची नजर, तिथे कुणी नसल्यासारखी, तिच्या चेहऱ्यावरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी खांदा उडवला, माशी उडवतो तसा.

"मेहुणीबाई," ते हळू, काळजीनं म्हणाले, "तुम्ही फार काम करता. जरा विश्रांती घ्या. कुणाला तरी दाखवा."

"घरी पोचल्यावर फोन कर गं बारके," मागून आवाज आला. "मला काळजी लागून राहते."

ताईचे हात खाली आले. ती थोडा वेळ नवऱ्याच्या डोक्याकडे बघत राहिली. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं होतं. मग तिनं पिशवी उचलली, माझा हात धरला आणि आम्ही निघालो. मागे भावोजींनी दार लावलं, कडी घातली.

जिन्यावर माझ्या पावलांचा आवाज होत होता. एकीच्याच. शेजारी तिच्या हाताची ऊब होती, तिची बोटं माझ्या बोटांत अडकलेली होती, आणि मी मान वळवून बघत नव्हते. खाली रस्त्यावर आल्यावर रिक्षावाला थांबला. मी आधी तिला आत बसू दिलं, मग मी बसले.

"एकट्याच ना?" त्यानं पिशवीकडे बघत विचारलं. "मग पिशवी सीटवर नका ठेवू, मांडीवर घ्या. अजून एक सवारी घेतो."

"दोघी आहोत," मी म्हणाले. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. ताईनं माझा हात दाबला, जोरात, आणि मग तिची पकड हळूहळू सैल होत गेली. मी हात सोडला नाही. घर येईपर्यंत मी तिच्याशी बोलतच राहिले.